हे कळलं कसं? मुलांसाठी विज्ञान, निसर्ग आणि इतिहासाची पुस्तकं निवडताना

गोष्टीचं पुस्तक निवडणं त्यामानानं सोपं. दोन पानं वाचून दाखवली आणि पुढचं पान उलटायला मुलाचा हात आपणहून पुढे आला, की समजायचं जमलं. विज्ञान, निसर्ग किंवा इतिहासाचं पुस्तक घेताना मात्र नवे पालक गोंधळतात. प्रदर्शनात ‘हजार प्रश्न, हजार उत्तरं’ छापाचे जाडजूड ठोकळे मांडलेले असतात, शेजारी स्पर्धापरीक्षांची गाइडं असतात, आणि पलीकडे गुळगुळीत कागदावरचे कोश, ज्यांची किंमत पाहून आपण ते हळूच जागेवर ठेवतो. मूल डायनोसॉरच्या चित्रावर अडून बसतं, आपण पुस्तक घेतो, आणि आठवड्याभरात ते कपाटात जातं.

आम्ही काही पालक मिळून कॉलनीत मुलांचा वाचनकट्टा चालवतो. तिथे नव्यानं येणारे आईबाबा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे क्रमानं लिहिते आहे. साधारण चार ते बारा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आहेत. उदाहरणं मुद्दाम नाशिकची घेतली आहेत. पुस्तकात वाचलेलं प्रत्यक्ष पाहिलं की ते मुलांच्या मनात घर करतं, आणि आपल्या जिल्ह्यात पाहण्यासारखं इतकं आहे की ते वाया घालवणं बरोबर नाही.

पहिली पायरी : दुकानात जाण्याआधी प्रश्न गोळा करा

आठ-पंधरा दिवस मुलाचे प्रश्न लिहून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रिकाम्या कोपऱ्यात लिहिले तरी चालतात. ‘आज काय शिकलास’ असं विचारून ते मिळत नाहीत. स्कूटरवर मागे बसल्यावर, जेवताना, झोपताना मुलं जे बडबडतात, त्यात ते असतात.

पावसाळ्यातलं एक उदाहरण घ्या. गोदावरीला पूर आला की सगळं नाशिक विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? मूल ते ऐकतं आणि विचारतं, ‘पण आपल्याकडे तर आज पाऊसच नाही, मग पूर कसा?’ या एका प्रश्नात पुस्तकांचं अख्खं कपाट आहे. ब्रह्मगिरीचा उगम, त्र्यंबककडचा पाऊस, गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी, धरण का भरतं आणि दार का उघडावं लागतं, आणि १,४६५ किलोमीटर वाहून ही नदी शेवटी आंध्रात बंगालच्या उपसागराला कशी मिळते. अशा मुलाला नदीचं किंवा पाण्याचं पुस्तक हवं आहे. त्याच्या हातात ग्रहताऱ्यांचं पुस्तक दिलं तर ते बिचारं वाचेलही, पण स्वतःहून पुन्हा उघडणार नाही.

प्रश्नांची यादी जवळ असली की दुकानात आपली नजर मुखपृष्ठावरून अनुक्रमणिकेकडे वळते. निम्मं काम तिथेच होतं.

दुसरी पायरी : वय आणि भाषा

वयाबद्दल थोडक्यात. पहिलीच्या आतल्या मुलांना एका पुस्तकात एकच विषय पुरे : मुंगी, पाऊस, चाक. पानावर मोठं चित्र आणि दोन-तीन ओळी. सात ते नऊच्या मुलांना एखादी गोष्ट कशी चालते, कशी बनते, याचं वेड असतं. त्यापुढच्या मुलांना नकाशा, कालपट, शब्दसूची असलेलं पुस्तक द्या. मागच्या छापील वयोगटाला फार महत्त्व देऊ नका. डायनोसॉरच्या बाबतीत सहा वर्षांचं मूल दहा वर्षांच्या मुलाच्या पुढे असू शकतं.

भाषेचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी बोलतात फर्डं, पण वाचताना अडखळतात. सेमी-इंग्रजीतल्या मुलांचं विज्ञान आणि गणित इंग्रजीत असतं, म्हणून ‘प्रकाशसंश्लेषण’ किंवा ‘बाष्पीभवन’ हे शब्द त्यांच्या कानावर पडलेलेच नसतात. त्यामुळे ‘आमच्या मुलाला मराठी पुस्तकं आवडत नाहीत’ हा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. मोठ्यानं वाचून दाखवा. दहा वर्षांच्या मुलालाही वाचून दाखवायला काहीच हरकत नाही. पुस्तक निवडताना एवढंच पाहा की अवघड शब्द येण्याआधी ती गोष्ट दाखवली आहे का. ओली ओढणी दोरीवर टाकली, दुपारी वाळली, पाणी गेलं कुठे, आणि मग ‘याला बाष्पीभवन म्हणतात’. असं असेल तर शब्द टिकतो. व्याख्येनं सुरू होणारं पान बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकाची नक्कल असतं.

तिसरी पायरी : पुस्तक उभ्या उभ्या कसं तपासावं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कुठलंही पुस्तक हातात घेतलं की मधलं एक पान उघडा आणि मनातल्या मनात विचारा, ‘हे कळलं कसं?’ पुस्तक त्याचं उत्तर देतंय का ते पाहा. गिधाडांचंच घ्या. एका प्रकारच्या पुस्तकात असं वाक्य असतं : ‘गिधाडे निसर्गाचे सफाई कामगार आहेत. त्यांची संख्या घटत चालली आहे. आपण त्यांचे रक्षण केले पाहिजे.’ यात चुकीचं काही नाही, पण मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येते. १९९० नंतरच्या काळात भारतातली गिधाडं भराभर मरू लागली, काही जातींमधली तर दहातली नऊहून अधिक गेली. कारण कुणालाच कळेना. आधी रोगाची शंका आली. मग मेलेल्या पक्ष्यांची मूत्रपिंडं तपासली गेली आणि शोध घेता घेता माग लागला तो गाईगुरांना दुखण्यावर देतात त्या डायक्लोफेनॅक नावाच्या औषधाचा. जनावर मेलं की ते औषध मांसात राहायचं आणि ते मांस खाल्लेलं गिधाड मरायचं. २००४ मध्ये हे शोधून काढलं गेलं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. हे वाचलेल्या मुलाला गिधाडाबद्दल तर कळतंच, शिवाय शंका कशी घ्यायची, ती तपासायची कशी आणि चुकीची शंका सोडून कशी द्यायची हेही कळतं. मग त्याला अंजनेरीच्या कड्याखाली घेऊन जा. आभाळात गिधाड घिरट्या घालताना दिसलं, तर ते त्याच्यासाठी नुसता मोठा पक्षी राहणार नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे : हजार तथ्यांच्या ठोकळ्यापेक्षा एकाच शोधाची नीट सांगितलेली हकिगत मुलासाठी कितीतरी मोलाची. ठोकळा प्रश्नमंजूषेला उपयोगी पडतो. ज्याला स्पर्धेला बसायचं आहे त्यानं गाइड जरूर घ्यावं, पण ते वाचनाच्या पुस्तकाच्या जागी ठेवू नये.

यानंतर मुद्रणाचं पान उघडा. तिथे पहिली आवृत्ती कधीची आणि पुनर्मुद्रण कधीचं हे दोन्ही असतं. कव्हर कोरं करकरीत असलं तरी आतला मजकूर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. खगोलाच्या पुस्तकात तपासणं सोपं. ग्रह नऊ दिले असतील तर मजकूर २००६ च्या आधीचा, कारण त्या वर्षी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रहांत घातलं. भारताच्या चांद्रमोहिमांच्या प्रकरणात २३ ऑगस्ट २०२३ चं चांद्रयान-३ चं उतरणं आहे का, तेही बघा. शनीच्या चंद्रांचा आकडा तर पुस्तक छापून येईपर्यंत जुना होतो. २०२५ मध्ये तो एकदम २७४ वर गेला. प्राण्यांच्या पुस्तकात ‘भारतातून चित्ता नामशेष झाला’ इथेच गोष्ट थांबत असेल, तर सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनोला आणलेले चित्ते त्यात नाहीत.

जुनं पुस्तक टाकाऊ असतं असं मात्र अजिबात नाही. तरफ, चुंबक, मुंग्यांचं वारूळ किंवा फुलाचे भाग शिकवणारं चाळीस वर्षांपूर्वीचं चांगलं पुस्तक आजही तितकंच चांगलं आहे. अवकाश, संगणक, पर्यावरण, वन्यजीवांचे आकडे या विषयांतच साल काटेकोरपणे बघा.

आता भाषांतरित पुस्तकांबद्दल. मराठीत मुलांची माहितीपर पुस्तकं पुष्कळदा भाषांतरित असतात आणि त्यातली काही उत्तम आहेत. फक्त ती कुठल्या आकाशाखाली लिहिली गेली ते बघावं लागतं. लंडनमध्ये ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर दिसतो, कारण लंडनचं अक्षांश तेवढं आहे. नाशिक २० अंशांवर, म्हणून आपल्याकडे ध्रुव उत्तरेला बराच खाली, २० अंशांवरच असतो. युरोपातल्या पुस्तकातलं चित्र घेऊन मूल गच्चीत गेलं तर ते चुकीच्या उंचीवर शोधत राहतं, आणि ‘मला जमत नाही’ म्हणून पुस्तक बंद करतं. ऋतूंचंही तसंच. तिकडची झाडं शरद ऋतूत लाल-पिवळी होऊन गळतात. आपल्याकडची पानगळ हिवाळा सरता सरता, फाल्गुनाच्या आगेमागे जोरात असते, आणि त्याच वेळी पळस-पांगारे फुलतात. पुस्तकात रॉबिन पक्षी आणि ओकचं झाड असेल तर चांगल्या भाषांतरकारानं तळटीप दिलेली असते किंवा बुलबुल आणि वड आणलेले असतात. काहीच केलेलं नसेल तर वाचताना ते काम तुम्ही करा.

चित्रांकडे शेवटी या. चित्राखाली ओळ आहे का, आकाराचा अंदाज येतो का, नकाशावर उत्तर दिशा आणि प्रमाण आहे का. मुंगी आणि हत्ती एकाच आकाराचे छापलेले असतील तर लहान मुलाची फसगत होते. मागे सूची असेल तर ते पुस्तक जबाबदारीनं केलेलं आहे, असं बहुधा समजायला हरकत नाही.

चौथी पायरी : विज्ञानाच्या पुस्तकातला प्रयोग घरी करून पाहा

प्रयोगांचं पुस्तक विकत घेण्याआधी शक्य असेल तर वाचनालयातून आणा आणि त्यातला एक प्रयोग करून पाहा. साहित्य स्वयंपाकघरात आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळालं पाहिजे. प्रयोगाआधी ‘काय होईल असं वाटतं?’ हा प्रश्न पुस्तकानं विचारला पाहिजे. नुसती कृती आणि निकाल देणारं पुस्तक जादूचे खेळ शिकवतं, विज्ञान शिकवत नाही. आग, ब्लेड, विजेची जोडणी जिथे आहे तिथे मोठ्यांनी सोबत राहण्याची सूचना स्पष्ट हवी.

आपल्या गावामुळे पुस्तकाला जोड देता येते. पाणी १०० अंशांना उकळतं असं प्रत्येक पुस्तकात असतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. हवेचा दाब, कुकरची शिट्टी, डोंगरावर डाळ का शिजत नाही, हे सगळं तिथून सुरू होतं. दुसरं, मे महिन्यात २० तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या चोविशीकडेही असंच घडतं, पण तेव्हा ढग. सूर्य, पृथ्वी आणि अक्षांश समजावणारं पुस्तक एप्रिलच्या शेवटी घरात आणा, सुट्टीत वाचा आणि मेमध्ये अंगणात काठी रोवा. त्याच सुट्टीत यशवंतराव चव्हाण तारांगणात एखादा खेळ पाहायला घेऊन जा. वेळा आधी चौकशी करून घ्या.

खेळणी बनवून विज्ञान शिकवण्यात अरविंद गुप्ता यांचं काम मोठं आहे. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं, स्ट्रॉ यांतून ते विज्ञान उभं करतात. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं फुकट वाचता येतात. पैसे खर्च करण्याआधी तिथे जाऊन या.

पाचवी पायरी : निसर्गाचं पुस्तक खिशात मावणारं घ्या

निसर्गाच्या पुस्तकांत दोन जाती असतात. एक वाचायची आणि एक ओळखायची. ओळखायचं पुस्तक, म्हणजे पक्ष्यांची, फुलपाखरांची किंवा झाडांची मार्गदर्शिका, घ्यायचं तर विकतच घ्यावं, कारण ते चिखलात पडणार, त्याच्यावर खुणा होणार. मराठी नाव, शास्त्रीय नाव, आकार आणि आढळ एवढं त्यात हवं. पक्ष्यांची मराठी नावं भागागणिक बदलतात, म्हणून पर्यायी नावं दिलेलं पुस्तक सरस.

सुरुवात खिडकीतून करा. साळुंकी, बुलबुल, शिंपी, घार, वेडा राघू, कोकीळ. गंगापूर रोडवरची बाग असो की सिडकोतली गल्ली, एवढे पक्षी मिळतातच. ते ओळखीचे झाले की हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, नांदूरमधमेश्वरला जा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा घातल्यावर गाळ साचत गेला, त्यातून ही पाणथळ जागा तयार झाली, आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. चापडगावच्या मनोऱ्यावरून चक्रवाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या आणि नशीब असेल तर रोहितही (फ्लेमिंगो) दिसतात. सकाळी लवकर पोचा. मुलाच्या हातात पुस्तक द्या आणि आपण गप्प बसा. ‘तो बघ चमचा’ असं आपण सांगितलं की पुस्तक उघडण्याचं कारणच संपतं.

पावसाळ्यानंतर अंजनेरीचा डोंगर चढायला मिळाला तर फुलांची मार्गदर्शिका न्या. या डोंगराच्या नावावरून नाव मिळालेली एक वनस्पती तिथे आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, कंदीलपुष्पांच्या कुळातली. ती दिसेलच असं नाही आणि दिसली तर हात लावायचा नाही. जगात फार थोड्या जागी उगवणारी वनस्पती आपल्या जिल्ह्यात आहे, एवढं कळलं तरी मुलं फुलांकडे निराळ्या नजरेनं पाहू लागतात. शेतातही निसर्ग आहे हे विसरू नका. द्राक्षांची छाटणी का करतात, कांद्याला कोंब का येतो, हे प्रश्न नाशिकच्या मुलाच्या अंगणातले आहेत. त्यांची उत्तरं एखाद्या पुस्तकापेक्षा गावाकडच्या आजोबांकडून किंवा मामांकडून जास्त चांगली मिळतील.

सहावी पायरी : इतिहासाच्या पुस्तकात पुरावा शोधा

इथे सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. मुलांसाठीचा इतिहास लिहिताना लेखक संवाद रचतात, प्रसंग रंगवतात. ते वाचायला छान असतं, आणि कादंबरी म्हणून वाचायला माझी काहीच तक्रार नाही. पण माहितीचं पुस्तक म्हणून जे घ्यायचं त्यात ‘असं म्हणतात’ आणि ‘असं लिहिलेलं सापडलं आहे’ हे दोन वेगळे ठेवलेले असावेत. शिवकाळावरच्या पुस्तकांत हे विशेष बघा. १६७२ ची साल्हेरची लढाई आपल्याच जिल्ह्यातली. किल्ल्याचा नकाशा, लढाईची जागा आणि माहितीचा आधार देणारं पुस्तक मिळालं, तर ते भाषणं रचलेल्या पुस्तकाच्या आधी घ्या.

पुरावा म्हणजे काय हे शिकायला पांडवलेण्यांसारखी शाळा नाही. नावामुळे मुलांना वाटतं की इथे पांडव राहत होते. प्रत्यक्षात ही बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि हे आपल्याला कळतं ते भिंतींवरच्या ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत लेखांवरून. लेणं क्रमांक १० मध्ये क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातल्या एकात त्यानं विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, पैसे ठेवल्याचं कोरलं आहे. एकीकडे २,००० कार्षापण (त्या काळची नाणी), शेकडा दरमहा १ व्याजानं, दुसरीकडे १,००० कार्षापण, पाऊण टक्क्यानं. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवायचा. पाचवी-सहावीतल्या मुलाला सरळव्याजाचं गणित या भिंतीसमोर उभं करून घालून बघा.

लेणं क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे. ती आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करते की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं आणि त्यानं नहपानाच्या घराण्याचा नाश केला. मुलांना विचारा, आईनं मुलाबद्दल लिहिलंय, तर त्यातलं किती जसंच्या तसं घ्यायचं? मग दुसरा पुरावा शोधा. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला, तेरा हजारांहून जास्त. नाणी नहपानाची, पण त्यातल्या हजारो नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला. आईचं कौतुक एकीकडे आणि नाण्यावरचा ठसा दुसरीकडे, दोन्ही एकच सांगतात की त्यानं नहपानाला हरवलं. सातवाहनांवरचं मुलांचं कुठलंही पुस्तक हातात आलं, तर यातलं काही त्यात आहे का ते बघा. नुसती राजांची यादी असेल तर ठेवून द्या. नाण्यांची गोडी लागलीच, तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीजवळ नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. भेटीची वेळ आधी विचारून जा.

मोठ्या मुलांपासून, म्हणजे दहा वर्षांच्या पुढे, अवघड इतिहास लपवू नका. काळाराम मंदिर रोज जाता-येता दिसतं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, तीही आपल्याच जिल्ह्यात. लोकांना देवळात का जाऊ देत नव्हते, या प्रश्नाला बगल न देणारं पुस्तक निवडा. एखाद्या चरित्रात माणूस जन्मापासूनच महान असेल, त्याला कधी शंका आली नसेल, कुणाशी मतभेद झाले नसतील, तर ते चरित्र मुलाला त्या माणसापर्यंत पोचू देत नाही. चित्रपटाची आवड असलेल्या मुलाला दादासाहेब फाळक्यांचं चरित्र द्या. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस १९१३ मध्ये पहिला चित्रपट पडद्यावर आणतो, त्याआधी छपाई आणि छायाचित्रणाचं तंत्र शिकतो, कर्ज काढतो. तंत्र आणि धडपड दोन्ही ज्यात आहेत असं चरित्र शोधा.

सातवी पायरी : पुस्तकं मिळवायची कुठून

आधी वाचनालय. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. आपल्या गावात जवळजवळ दोनशे वर्षांची ही सोय असताना प्रत्येक पुस्तक विकत घेण्याची गरज नाही. मुलाला बरोबर न्या, त्याच्या नावानं सभासदत्व घ्या आणि पुस्तक त्याला निवडू द्या. त्यानं चुकीचं निवडलं तर पुढच्या वेळी बदलता येतं, हाच तर वाचनालयाचा फायदा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही पुस्तकांच्या पेट्यांची योजना नाशिकातूनच सुरू झाली. सोसायटीत चार-पाच घरं उत्सुक असतील तर मुलांच्या पेटीबद्दल तिथे विचारा.

घरबसल्या फुकट वाचायला प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ आहे. त्यात मराठी पुस्तकं चार पातळ्यांत लावलेली आहेत आणि विज्ञान-निसर्गाची वेगळी काढता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत. त्यातले निसर्गावरचे आणि प्रवासाचे लेख वाचून दाखवायला फार सुंदर. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. तो मुलांसाठी नाही, पण मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नसेल तेव्हा आपण वाचायला. नोंद कधीची आहे हे तिथेही बघाच.

विकत घ्यायचं झालं तर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेपासून सुरुवात करा. कमी किंमत आणि बहुतेक मजकूर विश्वासाचा. एकलव्य, कल्पवृक्ष, ज्योत्स्ना प्रकाशन, मनोविकास, राजहंस यांच्या याद्या मागवून घ्या. मेन रोड किंवा महात्मा गांधी रोडच्या दुकानात समोर मांडलेली पुस्तकं ही जास्त खपणारी असतात. हवं ते नाव लिहून दिलं की दुकानदार मागवून देतात. नकाशासंग्रह आणि मार्गदर्शिका विकत घ्या. एकदा वाचून संपणारं सगळं वाचनालयातून आणा.

आठवी पायरी : घरी आणल्यावर

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे हा आग्रह सोडा. माहितीचं पुस्तक मधूनही वाचता येतं, मागूनही. वाचून झाल्यावर प्रश्न विचारून परीक्षा घेऊ नका, मुलांना त्याचा लगेच वास येतो. एकच विषय वर्षभर चालला तरी चालू द्या. डायनोसॉरमध्ये बुडालेल्या मुलाला जबरदस्तीनं इतिहासाकडे ओढण्याची गरज नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्याच काळाच्या आगेमागे, लाव्हाचे थर एकावर एक साचून आपलं पठार झालं. सिन्नरच्या गोंदेश्वराचा काळा दगड म्हणजे तोच लाव्हा. या बेसाल्टमुळेच नाशिकमध्ये डायनोसॉरची हाडं मिळत नाहीत. ती बघायची तर पार चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा किंवा गुजरातेतलं रायोली. म्हणजे डायनोसॉरवरून भूगोल, भूगोलावरून मंदिर, मंदिरावरून यादवांचा काळ, असं मूल आपल्या पायांनी इतिहासात येतं.

पुस्तकात चूक सापडली तर मुलाला ती पेन्सिलीनं समासात लिहू द्या, वाचनालयाचं असेल तर चिठ्ठीवर. योग्य माहिती कुठे वाचली तेही लिहायला सांगा. नंतर प्रकाशकाला पत्र पाठवा. पत्ता मुद्रणाच्या पानावर असतो. पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान क्रमांक, चुकीची ओळ आणि दुरुस्ती, एवढंच लिहायचं, मुलाच्याच अक्षरात. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली का हे पाहायला ते मूल स्वतःहून दुकानात येईल.